छातीवरचं नाव

मी एक टी-शर्ट बोलतोय. हसू नका. हसण्यासारखं माझ्यात पुष्कळ आहे, पण आधी ऐकून तर घ्या. सावद्यातल्या एका घरात, पत्र्याच्या ट्रंकेत, डांबरगोळ्यांच्या वासात मी राहतो. माझ्या खालच्या काठावर लग्नपत्रिकेतला गणपती आहे, पोटावर कापसाच्या गाठीचा नंबर आहे, पाठीवर ऑइलपेंटमध्ये 'सावदा' असं लिहिलंय आणि छातीवर एका बाईचं नाव आहे. अंगभर असं गोंदण असलेला दुसरा टी-शर्ट अख्ख्या खानदेशात सापडायचा नाही.

जन्मलो तेव्हा मी चांगला पांढराशुभ्र होतो. दक्षिणेकडच्या कुठल्याशा गिरणीतून गाठोड्यात बांधून जळगावला आलो आणि फुले मार्केटातल्या एका दुकानात पडून राहिलो. अठ्ठ्याऐंशी सालची दिवाळी उलटली आणि तोताराम नेहेते नावाचे एक गृहस्थ दुकानात आले. धोतर, टोपी, पायात करकरणाऱ्या वहाणा. दुकानदाराला वाटलं, नातवासाठी घेत असतील.

"बाह्यांचं बनियन द्या एक," ते म्हणाले. "नमुन्याले पाहिजे."

झालं, त्या दिवसापासून मी नमुना झालो.

तोतारामभाऊंच्या घरी केळीचे वेफर्स व्हायचे. व्हायचे म्हणजे त्यांची बायको करायची. कच्ची केळी सोलून ती थेट कढईवर किसणी धरायची, वरून मिठाच्या पाण्याचा शिंतोडा मारायची, तेल तडतडायचं आणि चकत्या सोन्यासारख्या वर यायच्या. तोतारामभाऊ ते डबे एस.टी.च्या टपावर टाकून जळगावला पोचवत. तिथला एक व्यापारी ते स्वतःच्या नावाच्या पिशव्यांत भरून विकायचा. नाव त्याचं, हात हिचे. तरी बाई कधी कुरकुरली नाही.

पण त्या वर्षी फैजपूरला एका लग्नात नवऱ्या मुलीच्या मावशीने या बाईच्याच ताटात तिचेच वेफर्स वाढले आणि वर म्हणाली, "खाय ना माय, खास जळगावहून आनले. आपल्याकडच्या बायांले असे कुठी जमता!"

तिने ताटातले वेफर्स संपवले. घरी आल्यावर मात्र म्हणाली, "होळीनंतर कढई उतरवते मी. लई झालं."

एवढंच. रडणं नाही, भांडण नाही. कढईसमोर बसली की बायको गुणगुणते, हे तोतारामभाऊंना ठाऊक होतं. ते गुणगुणणं बंद झालं होतं. त्यांनी मनाशी ठरवलं, सव्वीस जानेवारीला यावलला व्हॉलीबॉलचे सामने असतात, गावोगावचे लोक येतात. सावद्याच्या पोरांच्या छातीवर हिचं नाव छापायचं, म्हणजे सगळ्या पंचक्रोशीला कळेल वेफर्स कोणाचे ते. घरी मात्र कोणाला पत्ता लागू दिला नाही.

अडचण एकच होती. बावीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोचं नाव एकदाही तोंडाने घेतलं नव्हतं. 'जगनची माय' म्हणायचं, नाहीतर नुसतंच खाकरायचं. तेव्हाची रीतच तशी. बायका नवऱ्याचं नाव घेत नसत हे सगळे सांगतात, पण नवरेही काही कमी लाजत नसत. तोतारामभाऊंना सहीपुरतंच लिहिता यायचं, म्हणून लीलाधर गुरुजींकडून त्यांनी नाव एका चिठ्ठीवर लिहून घेतलं. चिठ्ठी खिशात, मी पिशवीत, अशी आमची वणवण सुरू झाली.

पहिल्यांदा जळगावात रुपचंदशेठच्या छापखान्यात गेलो. "कपड्यावर छपाई? काका, लग्नपत्रिका सांगा, बारशाची सांगा," शेठ म्हणाले. तरी भल्या माणसाने हाताशी होता तो गणपतीचा ठसा माझ्या काठावर दाबून पाहिला. शाई पसरली आणि गणपतीची सोंड कानापर्यंत गेली.

मग अभिमन पेंटर. ट्रकच्या पाठीवर मोर काढावा तर त्यानेच. त्याने माझ्या पाठीवर 'सावदा' असं झोकात रंगवलं. अक्षर देखणं होतं, पण वाळल्यावर माझी पाठ पापडासारखी कडक झाली आणि घडी घालताच तडकली. तिसऱ्या ठिकाणी कापसाच्या जिनिंगमधल्या माणसाने गाठीवर नंबर टाकायचा कोरलेला पत्रा माझ्या पोटावर ठेवून काळी शाई फासली. तिचा वास आठ दिवस गेला नाही. "मुंबईले जा," असं मात्र प्रत्येकाने सांगितलं. दुसऱ्याला मुंबईला पाठवायला काय जातं!

शेवटी कोणीतरी सांगितलं, धुळ्याला जीवराम नावाचा माणूस जाळीतून छापतो, सराफांच्या कापडी पिशव्या आणि झेंडे. आम्ही पहाटेची एस.टी. धरली. जीवरामच्या ओसरीवर लाकडी चौकटी टेकवल्या होत्या, त्यांवर ताणून बसवलेली बारीक जाळी होती. त्याची बायको भिकुबाई दोरीवर झेंडे वाळत घालत होती. जीवरामने मला उलटंपालटं करून पाहिलं आणि मी गावोगाव फिरून आलोय हे ओळखून तो पोट धरून हसला.

"बठ्ठा गाव फिरी उना वाटस हाऊ! बरं, काय छापानं शे?"

तोतारामभाऊंनी खिशात हात घातला. चिठ्ठी कालच्या सदऱ्यात राहिली होती.

"केळी वेफर्स, सावदा," ते म्हणाले.

"आनि वर नाव?"

"नाव... घरच्यांचं."

"घरवालीनं नाव काय शे?" जीवराम पेन्सिल धरून थांबला.

तोतारामभाऊंनी टोपी काढली, पुन्हा घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. भिकुबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "भाऊ, लगीनमा तरी नाव लिधं व्हई ना?"

मी त्यांच्या हातात होतो. त्यांनी मला मुठीत इतकं घट्ट आवळलं की माझी वीण ताणली. मग भिंतीकडे तोंड करून, देवळात बोलतात तसं, ते हळूच म्हणाले, "इंदिराबाई."

आठ दिवसांनी चौकट तयार झाली. जीवरामने पहिला हात माझ्यावर मारला. रबराची पट्टी सर्रकन फिरली, हिरवी शाई जाळीतून उतरली आणि माझ्या छातीवर अक्षरं उमटली: 'इंदिराबाईंचे केळी वेफर्स, सावदा'. शाई थंडगार लागली. खोटं कशाला सांगू, मला माझाच अभिमान वाटला. मग दोन डझन नवे टी-शर्ट छापून आम्ही सावद्याला परतलो.

आणि तिथे घोडं अडलं. व्हॉलीबॉल संघाचा कप्तान पुना हातात टी-शर्ट घेऊन मान हलवू लागला. "नाना, राग नका मानू. पन दुसऱ्याच्या घरच्या बाईचं नाव छातीवर? लोक काय म्हन्तीन? आमची माय घरात घेईन का आमाले?"

तोतारामभाऊंनी गठ्ठा पुन्हा बांधला.

सव्वीस जानेवारीला ते एकटेच वेफर्सची दोन पोती आणि तो गठ्ठा घेऊन यावलला गेले. मैदानाच्या कडेला एका झाडाआड जाऊन त्यांनी सदरा काढला आणि मला घातलं. खाली धोतर, वर टोपी आणि मध्ये मी, गणपती-बिणपतीसकट! लोक कोपराने एकमेकांना ढोसू लागले. "वेफर्स... वेफर्स घ्या," ते पुटपुटत होते. नाव माझ्यावर होतं आणि त्याच्याखाली त्यांची छाती धडधडत होती. ती धडधड फक्त मला ठाऊक आहे.

एका फेटेवाल्याने पुडी घेतली, दोन चकत्या तोंडात टाकल्या आणि शेजाऱ्याला म्हणाला, "झकास! जळगावचे दिसता."

माझ्याखालची छाती भरून वर आली. "जळगावचे नाही!" तोतारामभाऊ असे ओरडले की सर्व्हिस करणाऱ्याचा चेंडू हातातच राहिला. "सावद्याचे हायेत! इंदिराबाईचे!"

"कोन इंदिराबाई?" गर्दीतून कोणीतरी हाळी दिली.

"माही बायको!"

मैदान हसलं. पण ते आता थांबायला तयार नव्हते. इंदिराबाईचे वेफर्स, इंदिराबाईचे वेफर्स! बावीस वर्षांचं साठलेलं नाव त्यांनी त्या एका दुपारी घेऊन टाकलं. पहिलं पोतं संपलं तेव्हा पुना जवळ आला आणि खाली बघत म्हणाला, "नाना, तो गठ्ठा कुठी हाये?" पोरांनी टी-शर्ट चढवले. सामना मात्र हरले. टी-शर्टने काही खेळ सुधारत नाही.

बातमी आमच्या आधी घरी पोचली होती. इंदिराबाई उंबऱ्यात उभी होती. तिने मला वरपासून खालपर्यंत वाचलं, हळूहळू, एकेक अक्षर जुळवत.

"यावलले काय ओरडत व्हते म्हने तुम्ही?"

"काही नाही. वेफर्स."

"कोनाचे?"

तोतारामभाऊ खाकरले. घरात मात्र त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. ती पदराने डोळे पुसत हसत सुटली. होळी आली, गेली. कढई काही उतरली नाही.

पुढची आठ-नऊ वर्षं केळीच्या बागेत, बाजारात, त्यांच्या अंगावर मी राबलो. केळीच्या चिकाचे डाग पडले, बगला उसवल्या, हिरवी अक्षरं फिकी पडत गेली. जळगावच्या व्यापाऱ्याला डबे पोचवणं कधीच बंद झालं होतं. मग सत्त्याण्णवच्या थंडीत तोतारामभाऊ गेले आणि मी खुंटीवर तसाच लटकत राहिलो.

एके दिवशी सुनेने मला खुंटीवरून काढलं. गरम कढई उतरवायला मसोतं हवं होतं, आणि माझा अवतार पाहून दुसरं काय करावंसं वाटणार! तिने मला फाडायला दोन्ही हातांत धरलं, तोच इंदिराबाई चुलीपुढून उठली.

"ते नोको फाडू," ती म्हणाली. "ते तोतारामचं हाये."

सून जागच्या जागी थिजली. लग्न होऊन आल्यापासून तिने सासूच्या तोंडून ते नाव ऐकलं नव्हतं. इंदिराबाईच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण ती मला छातीशी धरून खाली बसली आणि तेच नाव आणखी एकदा घेतलं, या वेळी अगदी सावकाश.

तेव्हापासून मी ट्रंकेत आहे. माझ्यावरची अक्षरं आता उन्हात धरल्याशिवाय दिसत नाहीत. कधी कोणी ही ट्रंक उघडली, तर एवढं करा. मला उजेडात न्या, छातीवरचं नाव जुळवा आणि ते मनात वाचू नका. मोठ्याने वाचा.