अंगाऱ्याचा वास

ओमेशच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. सालेकशाकडचं आमचं गाव कामधंदा सोडून तिथंच लोटलं होतं. ईश्वरदास महाराज अंगाऱ्याचं बोट आठ वर्षांच्या दुर्गेश्वरीच्या नाकाखाली फिरवत, की ओमेशची ही लेक थरथर कापे, डोळे पांढरे करी. बाया हात जोडत. मी तिचा मास्तर. माझं डोकं तापत चाललं होतं.

"मेलेली मायच शिरली हिच्यात!" महाराज गरजले. "हम हिमालय से आये हैं! डाग देल्याबिगर हे जात नाही!"

हिमालय गोंदियाजवळच्या कुडव्याच्या आसपासच असावा, महाराज फटफटीवर आले होते. पण निखाऱ्यात सळई खरोखरच लाल होत होती. मला राहवेना. मी पोरीच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो.

"धुरपताबाई, नातीला हे कधीपासून?"

"मागच्या मोहाच्या हंगामापासून, गुरुजी. मायसंगं जंगलात मोहाची फुलं वेचाले गेली होती. हिच्या डोळ्यांदेखत अस्वलानं मायले मारलं. तवापासून मोहाचा वास आला का अशीच करते."

"महाराजांना हे सांगितलंत?"

"सांगितलं ना! लपवाचं कायले?"

मी अंगारा उचलून ओमेशच्या नाकाशी धरला.

"अबे, हा तं मोह होय!" ओमेश ओरडला. "वाळवून कुटला याच्यात!"

त्यानं लेकीचं तोंड धुतलं, तिला मांडीवर घेतलं. ती जरा निवली.

"महाराज, आता हिच्या घरच्या चुलीची राख लावा."

"मास्तर, देवाची परीक्षा पाहून राहिला? भस्म होशील!"

"होतो. लावा."

महाराजांनी राख लावली, घसा बसेतो मंत्र म्हटले. पोर नुसती बापाला बिलगून राहिली. गर्दीत खसखस पिकली. महाराज फटफटीकडे सरकले.

"भूतबित काही नाही," मी म्हणालो. "कोवळ्या मेंदूत धास्ती बसली आहे. मोहाचा वास आला की त्याला वाटतं, अस्वल आलंच. यावर इलाज आहे. उद्याच गोंदियाला मनाच्या डॉक्टरकडे नेऊ. पण तुम्ही घरात तिच्याशी बोलता का?"

धुरपताबाई चाचरल्या. "मेलेल्याचं नाव घेतलं का भूत येते मनते. आमी तिले मायचं नावच काढू देलं नाही."

तेव्हा दुर्गेश्वरी बोलली. "आजी, मी पळाली ना, मनून माय मेली."

म्हातारीनं हंबरडा फोडला. "नाही वं बाई! पळाली मनून तं तू वाचली!"

लोकहो, वर्षभर हे ओझं घेऊन ते लेकरू आपल्यातच वावरत होतं, आणि आपण सळई तापवत बसलो होतो. पोर थरथरलं तर त्याला जवळ घ्या, डॉक्टरला दाखवा. आणि आधी विचारा, बाळा, काय झालं होतं?