शेंगदाण्याएवढं पुरे

मी बोटभर उंचीची प्लास्टिकची डबी बोलतेय. माझ्या झाकणाला आतून एक चिमुकला चमचा आहे. त्या चमच्यामुळं मला वाटायचं, आपल्यात कुणीतरी खवा ठेवणार. माझ्या जुळ्या बहिणीचंही तेच स्वप्न होतं.

शेंद्र्याच्या आप्पांची दीड वर्षांची नात प्रांजली जुलाबानं मलूल झाली होती. डॉक्टर विशाखा मॅडम म्हणाल्या, "बहुतेक लेकरं नुसत्या ओआरएसच्या पाण्यावर बरी होतात. जंतूंचं औषध उगाच द्यायचं नाही. पण ताप आला, शीमध्ये रक्त दिसलं, तर लगेच कळवा. तपासणीसाठी एक डबी घेऊन ठेवा." आप्पांनी दोन घेतल्या. एखादी सांडली तर?

तिसऱ्या दिवशी प्रांजलीचा बाप खंडेराव शेजारून जंतूंचं उरलेलं औषध घेऊन आला. "देऊन टाकू, आप्पा."

आप्पांचा जन्म शेळ्यांमागं गेलेला. "थांब. लेंडी बघितल्याबिगर मी करडालाही औषध दिलं नाय," ते म्हणाले. चष्मा लावून त्यांनी लंगोट उन्हात धरला. शेंबडासारखं चिकट, त्यात लाल दोरा. पोरीचं अंग तापलेलं. "सूनबाई, मॅडमला फोन लाव."

मॅडमनी शीची तपासणी सांगितली.

"शेंगदाण्याएवढं पुरे, आप्पा," सूनबाई योगिनी म्हणाली.

"आपल्या घरून अर्धं भांडं कधी गेलंय व्हय?"

त्यांनी मला काठोकाठ भरलं. मी श्वास रोखून धरला.

बसमध्ये आप्पांनी मला रुमालात बांधून दोन्ही हातांत धरलं होतं. शेजारच्या बाईनं विचारलं, "परसाद कुठला, बाबा?"

"नातीचा हाय."

बाईनं मला हात जोडले. जन्मात मला मिळालेला तेवढाच मान.

शहागंजच्या लॅबमध्ये सायलीनं झाकण उघडलं आणि लगेच लावलं. "आजोबा, एवढं?"

"असू दे, पोरी. कमी पडून चुकायला नको."

सूक्ष्मदर्शकाखाली पू आणि रक्त दिसलं. सायलीनं मॅडमना कळवलं, मॅडमनी प्रांजलीचं वजन करून औषध सुरू केलं. पक्क्या रिपोर्टला तीन दिवस लागणार होते. तोवर मी लॅबच्या फ्रीजमध्ये बसून होते.

लॅबमधल्या चौथ्या दिवशी मला जाळायच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकलं आणि तेवढ्यात आप्पा आले.

"जंतूच निघाले, आजोबा. मॅडमचं औषध बरोबर आहे."

"ठावं हाय. काल करडामागं पळत व्हती." त्यांनी रुमाल सोडला आणि माझी बहीण टेबलावर ठेवली. "तुला लई तरास दिला. हा घरचा खवा. शेंगदाण्याएवढा नाय, भरून हाय."

सायली डबीकडं बघत राहिली. आप्पा तिच्या तोंडाकडं बघत उभे. शेवटी तिनं डोळे घट्ट मिटले आणि तो चिमुकला चमचा तोंडात घातला.

"लई गोड आहे, आजोबा," ती म्हणाली. डोळे मात्र मिटलेलेच.

आता पिशवीची गाडी येईल, मी जळून जाईन. तक्रार नाही. फक्त उरलेलं औषध लेकराला पाजण्याआधी एकदा लंगोट बघा. आणि माझ्यासारखीला भरताना हात आवरा. खव्याच्या वेळी आवरू नका.