देवघरातली मुडी

मी मुडी बोलतेय. गेलं वर्षभर मला एकच घोर होता, मला वेळेत कोणी सोडील का?

हल्ली पुष्कळांना मी ठाऊकच नाही. भाताच्या पेंढ्याचे दोर वळायचे, मधोमध बियाण्याचं भात ओतायचं आणि बाहेरून आवळत न्यायचं. मोठ्या भोपळ्याएवढा गोळा होतो, ती मी. पालीच्या बाजारापासून तासाभराच्या वाटेवर एक वाडी आहे, तिथलं हे माझं घर.

दोन कार्तिकांमागे काशीराम आप्पांनी मला खळ्यात बांधलं. गुडघ्याने दाबत म्हणाले, "नीट बस गो बाय. पुढचं वर्ष तुझ्या पोटात आहे." त्यांची सून मालन शेजारी बसून सुपाने भात ओतत होती.

"आप्पा, मलाही शिकवा की बांधायला."

"शिकवीन पुढच्या वर्षी. मी कुठे पळून जातोय?"

माघात आप्पा गेले. वाडीत मुडी बांधणारं दुसरं कुणी उरलं नाही.

तोवर मी चुलीवर टांगलेली होते. धूर खाऊन माझा रंग गेला होता, पण धुराने कीड लागत नाही, उंदीर फिरकत नाही. तिथे मी सुखी होते. मालनने मात्र पुळ्याच्या गणपतीबाप्पाला नवस बोलला. तिचा मुलगा सर्वेश मुंबईला कुरिअरच्या गोदामात कामाला. "देवा, माझा सर्वेश परत येऊन शेती धरू दे. त्याच्याच हाताने ही मुडी सोडीन आणि पहिल्या तांदळाचे मोदक तुला आणीन."

नवसाची वस्तू चुलीवर कशी ठेवायची? तिने मला उतरवून देवघरात पाटावर बसवलं. रोज हळदकुंकू, सोमवारी बेल. भाबडी माऊली! तिची भक्ती खोटी नव्हती, पण मी काही मूर्ती नव्हे. माझ्या पोटात जीव होते, आणि ते दिवसागणिक म्हातारे होत होते.

गेल्या वर्षी रोहिणी नक्षत्र लागलं. वाडीत लोक धूळपेरणी करू लागले. माझ्या आत दाणा न् दाणा कुशी बदलू लागला. सर्वेशचा फोन आला, "आई, सुट्टी नाही. पुढच्या वर्षी नक्की." दाराखालचं खाचर त्या वर्षी गवताने भरलं. मालनने दुकानातून तांदूळ आणला आणि नैवेद्य दाखवताना देवाकडे वर पाहिलं नाही.

सांगायला संकोच वाटतो, पण सांगते. ह्या मुलखात सगळा मान हापूसला. पेट्या जातात, ट्रक जातात, नाव होतं. होऊ दे, माझी असूया नाही. पण तो राजा पिकतो कुठे? अढीत. आणि अढी घालतात ती भाताच्या पेंढ्याची! गुरांची वैरण आमची, आजाऱ्याची पेज आमची, चतुर्थीचा मोदक आमचा. मुंबईच्या पगाराआधी ह्याच खाचरांनी घरं पोसली, पोरं शिकवली.

ह्या वर्षी पुन्हा रोहिणी आली आणि माझा जीव थाऱ्यावर राहीना. बियाणं एक पावसाळा काढलेलं. आणखी एक काढला तर ते नुसतं कोंबड्यांचं खाणं. शेजारची तुळसा दारात येऊन म्हणाली, "अगो मालन, पुजून भात उगवत असतं तर मी नांगर विकून घंटा घेतली असती!"

"नवस आहे गो. सर्वेशचा हात लागल्याशिवाय कशी सोडू?"

"मग बस आरती करीत. बियाणं मेलं म्हणजे त्याचं तेरावंही घाल."

मालनचे डोळे भरले. पण ती उठली नाही.

त्याच आठवड्यात एका उंदराने मला कुरतडलं. चुलीवर असते तर हिंमत झाली नसती त्याची. दाणे ओढत ओढत त्याने न्हाणीच्या सांडपाण्याच्या पाटापर्यंत नेले. मला वाटलं, संपलं सगळं.

चौथ्या दिवशी सकाळी मालन कळशी घेऊन न्हाणीकडे गेली आणि तिथेच खाली बसली. पाटाच्या ओलीत हिरव्या सुयांसारखे कोंब उभे होते.

"तुळसाक्का, धाव गो! जिवंत आहे बियाणं! बाप्पाने स्वतःचं वाहन धाडलंन!"

तुळसा पदर खोचत आली. बघितलंन आणि हसली. "तुझ्यापेक्षा तो उंदीर शेतकरी बरा."

मालनने सर्वेशला फोन लावला, चित्र दिसणारा. "बाळा, तुला येता येत नाही, कळलं मला. पण हात जोड. तुझ्यासमक्ष सोडते." गोदामातल्या खोक्यांमध्ये उभ्या पोराने हात जोडले.

तुळसाने कोयता पुढे केला. मालन म्हणाली, "कापायची नाही. आप्पांनी जशी बांधली, तशीच उलट सोडायची." एकेक वेढा ती सोडवत गेली, बोटांनी वाट लक्षात ठेवत. फोनमधून आवाज आला, "आई, हळू. तो पेड कुठून आला? फोन जरा खाली धर… थांब, पुन्हा दाखव." मी सुटत होते आणि ती दोघं मला बांधायला शिकत होती.

भात पेरलं, जरा दाटच, काही दाणे मेले असतील म्हणून. आज नववा दिवस. खाचर अजून सगळं हिरवं नाही, मधे मधे तपकिरी डाग आहेत, आणि मालन दिवसातून चारदा बांधावर जाऊन येते. माझाही डोळा तिकडेच. सर्वेश चतुर्थीला येतोय. राहील की जाईल, ते बाप्पाला माहीत.

मी आता पडवीत पडलेला मोकळा पेंढा. मला परत देवघरात नेऊ नका. दसऱ्याला नव्या लोंब्या दाराला बांधाल, तेव्हा माझ्यातलीच एक काडी घ्या. आणि कार्तिकात नवी मुडी बांधा. पहिला वेढा डावीकडून, मालनला ठाऊक आहे.

बांधून झाली की चुलीवर टांगा तिला. धुरात.