कागदावरची जाळी

गोकुळदास मूळचा गोव्यातल्या डिचोलीचा. लग्नानंतर धारगळला घर बांधलं, आणि एकोणीस वर्षं खनिजाचा ट्रक चालवला. खाणी बंद पडल्या तेव्हा दीड वर्ष ट्रक अंगणात उभा राहिला. त्याचे वडील बाबाजी पोर्तुगीज अमदानीत जन्मलेले. त्यांच्या दाखल्यावर पोर्तुगालचा पासपोर्ट निघाला आणि गोकुळदास इंग्लंडात लेस्टरला एका गोदामात खोकी भरायला गेला. मागे बायको विमला आणि शाळेत जाणारी मुलगी विनोदिनी.

पहिली पाच वर्षं काम, खोली, काम. खोलीत आणखी तिघे. तो बोलायचाच कमी झाला. विमलाचा रोज फोन यायचा. ती सांगायची आणि हा "हां, हां" करायचा.

एकदा कसलासा फॉर्म भरून घ्यायला तो वाचनालयात गेला. तिथे मागच्या मेजाभोवती सहा-सात म्हाताऱ्या माना खाली घालून बसल्या होत्या. एकीच्या हातात धुरकट काचेसारखा जाड कागद होता. गोल टोकाच्या सळईने ती तो उलट बाजूने हलकेच घासत होती, आणि घासलेल्या जागी कागद दुधासारखा पांढरा होत फुगून येत होता. गोकुळदास फॉर्म विसरून उभा राहिला. तिने वर पाहिलं आणि पायानेच एक खुर्ची पुढे सरकवली. ती मॉरीन. या कलेला पार्चमेंट क्राफ्ट म्हणतात, हे त्याला तिच्याकडून कळलं.

ट्रकच्या स्टिअरिंगने घडलेला हात तो. पहिल्याच दिवशी दोन कागद फाटले. "जोर नको," मॉरीन म्हणाली. "एकदा दाबायचं नाही. दहादा फिरवायचं." सळईचं टोक मेणावर टेकवायचं, म्हणजे ती घसरते. चार सुयांच्या दाभणाने भोकं पाडायची, आणि चार भोकांमधला कागद नखाएवढ्या कात्रीने कापून फुली उमटवायची. अशा शेकडो फुल्या झाल्या की कागदाची जाळी होते. एक फुली चुकली की जाळी उसवते. गोकुळदासची सहा महिने उसवत राहिली. पण दर गुरुवारी तो जायचाच. वर्षाने मॉरीनने त्याची किनार चष्मा लावून पाहिली, मग चष्मा काढून पाहिली, आणि शेजारणीच्या पुढ्यात ठेवली. त्या दिवशी तो घरी चालत आला. बस धरायची राहूनच गेली.

आता फोनवर तोच बोलू लागला. मॉरीनचा गुडघा, जोनचा बहिरा नवरा, पॅटची कात्री कोणाला न देण्याची खोड. विमलाला सगळ्या माहीत झाल्या. "तुमच्या त्या पॅटीन दिल्यान काय कात्री?" ती विचारायची, आणि दोघं हसायची. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली, पण दोघांनी मिळून इतकं हसणं त्याला आठवत नव्हतं.

पुढे जिल्ह्याचं एक प्रदर्शन ठरलं. मॉरीन म्हणाली, तुझ्याकडचं काहीतरी कर. गोकुळदासने माटोळी धरली. चवथीला गणपतीच्या डोक्यावर रानातली फळं-फुलं बांधलेली लाकडी चौकट टांगतात, ती. आठ महिने तो सुपारीचे घोस, नारळांचा घड, कांगणं, तोरिंगं अशी फळं त्या कागदावर पांढरी करत होता. फोटो पाठवला तर विमलाने लगेच विचारलं, "आंबाडे खंय? आंबाड्यांशिवाय माटोळी जाता?" त्याने आंबाडे घातले.

त्या वर्षी चवथीला यायचं त्याने कबूल केलं होतं. मोप्याला विमानतळ झाला होता, घरापासून वीस मिनिटांवर. पण प्रदर्शन नेमकं त्याच आठवड्यात आलं. रजा एकच मिळणार होती. ऑगस्टात त्याने अडखळत फोन केला.

विमलाने विचारलं, "लोक येतले तां बघूक?"

"येतील. बक्षिसाचंपण आहे म्हणतात."

"मगे थंयच रवा. चवथ काय, फुडल्या वर्साक परत येतली."

"तू रागावलीस?"

"राग कसलो? माका फोटो धाडा. आणि बरो शर्ट घाला, तो निळो नको."

तिचा आवाज बारीक वाटला. त्याने विचारलं तर म्हणाली, थंडी बाधली आहे. हल्ली ती व्हिडिओ लावत नसे. रेंज नाही म्हणायची. त्याला ते खरं वाटलं. त्याला ते खरं मानायचं होतं.

माटोळीला दुसरं बक्षीस मिळालं. त्यानंतर अठरा दिवसांनी, गोदामात पाळी चालू असताना, विनोदिनीचा फोन आला. तिने एवढंच सांगितलं, "बाबा, आई गेली."

विमान मिळून पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला. अग्नी त्याच्या भावाने, भिकाजीने दिला होता. विमानतळावरून घरी यायला खरंच वीस मिनिटं लागली.

बाराव्याची माणसं पांगल्यावर विनोदिनी मागच्या पायरीवर भांडी विसळत होती. तो जाऊन उभा राहिला. ती वर न बघता बोलू लागली.

"जुलयात कळलां. पोटात गाठ. बांबोळीच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगलां, आता काय होवचां ना."

"जुलैत?" गोकुळदास खाली बसला. "आणि मला—"

"मी तीनदा फोन हातात घेतलंय. तिणां काढून घेतल्यान. माका म्हणाली, 'तुझ्या बापाचो असो आवाज माका लग्न झाल्यापासून पयल्यांदा ऐकूक गावता. तो मोडू नको.' " तिने पातेलं उपडं घातलं. "माका तुमचो राग येता. तिचोपण येता. आता तिच्यावर कसो काढू?"

ती उठून आत गेली. भांडी त्याने विसळली.

मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिला एकटी ठेवायची नाही हे त्याने ठरवलं. खोली सोडायला आणि कामाचा राजीनामा द्यायला तो पंधरा दिवसांसाठी लेस्टरला गेला. गुरुवारी निरोप घ्यायला वाचनालयात गेला. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. रजेच्या भरपाईला गुरुवारीही पाळी लागल्याने बक्षिसानंतर तो त्यांना भेटलाच नव्हता. पॅटने आपली कात्री त्याच्यापुढे केली.

"माझी बायको वारली," तो म्हणाला.

मेजावरची सगळी कामं थांबली. मॉरीनने त्याच्या मनगटावर हात ठेवला. मग तिने विचारलं, "काय नाव रे तिचं?"

चार वर्षं या मेजावर बसून गोकुळदासने विमलाला यांची नावं, दुखणी, नातवंडं, सगळं सांगितलं होतं. इथे तिचं नाव त्याने एकदाही काढलं नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं, हे खरं. पण सांगायला कोणी अडवलंही नव्हतं.

"विमला," तो म्हणाला. मॉरीनला नीट उच्चारता येईना, तेव्हा त्याने एकेक अक्षर सांगितलं. ते सांगता सांगता तो रडला. धारगळला तो एकदाही रडला नव्हता.

हत्यारं त्याने मॉरीनकडेच ठेवली. ती नको नको म्हणत होती.

मोप्याला विनोदिनी स्कूटर घेऊन आली होती. त्याने बॅग पायांत घेतली, मागे बसला. तिच्या पाठीला आपला हात लागू नये म्हणून तो मागची दांडी धरून होता. हमरस्त्यावर वळताना तिने मान किंचित वळवली.

"जेवलात?"

"ना."

तिने स्कूटरचा वेग वाढवला.