मावशीच्या जन्माआधीचं

माझी मावशी पोहायला शिकवते. चाळिशीला टेकली तरी आमच्या अख्ख्या बॅचला पाणी पाजते. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहत नव्हते, तरी सोनोग्राफीला ती ऐटीतच निघाली. काका बाहेरच्या बाकावर घामाघूम, म्हणून तिच्या उशाशी मी.

"ही भाची. हिला सगळ्यात नाक खुपसायचं असतं," मावशीने डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं.

"खुपसू दे की."

पडद्यावर नुसतं करडं धुकं. बाईंनी त्यात बोट ठेवलं. "हे डावं अंडाशय. हा काळा ठिपका दिसतो? ही पिशवी, हिच्यात स्त्रीबीज. इथे एक, उजवीकडे दोन. फारच कमी आहेत हो."

मावशी हसलीच. "अहो, माझी नाडी बघा! विशीतल्या पोरीची आहे."

"असेल. पण अंडाशयाला पोहणं कळत नाही. नवीन बीजं होतच नाहीत. जन्मताना होती तेवढीच, ती कमी कमी होत जातात. आणि उरलेली तुमच्याबरोबर म्हातारी होतात."

मावशीचा चेहरा खर्रकन उतरला. मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण तोंडातून भलतंच निघालं. "म्हणजे हे बीज मावशी आजीच्या पोटात होती तेव्हाचं?"

"तेव्हाचंच."

बापरे! मावशीची आजीशी झालेली भांडणं, तिचा दहावीचा निकाल, लग्न, सगळ्यातून हे एवढंसं गुपचूप बसून आलंय? लाखोंतून उरलेलं? माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

"आणि मीसुद्धा अशीच? आईच्या जन्माआधीपासून?"

"तुझं अर्धं, हो."

मावशी कोपरावर उठली आणि पडद्याकडे अशी बघायला लागली, जणू आत्ताच कोणी तिची त्या ठिपक्यांशी ओळख करून दिली होती.

"यातून होईल?"

"शक्यता कमी आहे. शून्य नाही. थांबलात तर आणखी कमी होईल."

"मग थांबतंय कोण!" ती दाराकडे बघून ओरडली, "अहो, आत या! चक्कर नंतर येऊ द्या. या महिन्यापासूनच उपचार सुरू करायचेत."

काका आले. मी त्यांना तिन्ही ठिपके दाखवले आणि ते कधीपासूनचे आहेत तेही सांगितलं, एका दमात.

काकांनी हळूच चपला काढल्या.

"अहो, हे काय?" मावशी म्हणाली.

"असू दे गं," म्हणत ते पडद्याजवळ सरकले.