शिडीच्या पायरीवरची दहावी

मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे. घरातली नव्हे, पुण्याच्या विमानतळावर विमानाच्या दाराशी लावतात ती, चाकांची.

नवी होते तेव्हा मला ढकलायला चार माणसे होती. त्यांतले भीमराव वाशीमहून आलेले. मी दाराला टेकले की ते आधी माझा कठडा हलवून बघत, मगच वर खूण करत. "सावकाश उतरा, आजी," असे प्रत्येक म्हातारीला म्हणत.

मग साथ आली. विमाने बंद झाली आणि चौघांतले तिघे घरी गेले. माझी चाके अडकू नयेत म्हणून भीमराव मला रोज दहा पावले पुढेमागे ढकलत. त्या मोकळ्या तळावर आम्ही दोघेच असायचो.

पुढे प्रवासी परतले, पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त. वाटले, आपले दिवस परत आले! पण गर्दीसाठी नवी इमारत झाली. तिथे प्रवासी एरोब्रिजमधून, म्हणजे बंदिस्त पुलावरून, थेट विमानात शिरू लागले. काउंटरवर, सामानावर नवी माणसे लागली. साहेबांनी भीमरावांना बोलावले.

"एरोब्रिज चालवायला माणसं हवीत. दहावी पास. तुमचं शिक्षण?"

"आठवी, साहेब."

"मग वर्षभरात काय ते बघा. विमानं वाढली, शिडीचं काम नाही वाढलं."

सेहेचाळिसाव्या वर्षी भीमरावांनी बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या खालच्या पायरीवर गणिताचे पुस्तक उघडत. काउंटरवरची भाग्यश्री डबा घेऊन तिथेच येई.

"काका, चिन्ह बदला ना! पलीकडे गेलं की उणे."

"पलीकडे गेलं की सगळंच उणं होतं का गं?"

ती हसे. मला मात्र हसू येत नसे.

निकाल लागला तेव्हा भीमराव धावतच आले. "एक्केचाळीस टक्के!" त्यांनी मलाच सांगितले, आसपास दुसरे कोणी नव्हते. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत.

आता मी कुंपणाशी उभी असते. लांब, एरोब्रिजच्या काचेमागे त्यांचा निळा शर्ट दिसतो. ते इकडे बघत नाहीत. बघूही नये, काम जोखमीचे आहे. मला राग नाही. नुसते करमत नाही.

मित्रांनो, कुणाचे काम सुटत असेल, तर नुसती हळहळ करू नका. घटकाभर त्याच्या शेजारी बसा, येते ते शिकवा. आणि मला भंगारात न्यायचे ठरलेच, तर एवढे करा: भीमरावांची सुट्टी असेल त्या दिवशी न्या.