कागदाच्या कडेला पेन्सिलीने

आमच्या फ्रीसलंड या डच प्रांतात पोरं चालायला लागण्याआधी सायकलच्या टोपलीत बसतात, त्यामुळे सायकल दुरुस्तीचं दुकान कधी ओस पडत नाही. हिस्केच्या दुकानातही रांग असायची. तरी हाती काही उरायचं नाही. शेवटी गेल्या हिवाळ्यात तिने डौवेचे, म्हणजे तिच्या एकुलत्या एका कारागिराचे, आठवड्यातले कामाचे पाच दिवस तीनवर आणले. उरलेले दोन दिवस तो पार्सलं वाटू लागला.

हिशेब वीब्रेन बघायचे. ते हिस्केच्या दिवंगत नवऱ्याचे मित्र. दर गुरुवारी ते कॉफीला यायचे, साखरेच्या पावाचा एकच तुकडा खायचे आणि तीन महिन्यांतून एकदा विक्रीकराचा अर्ज पुढे सरकवायचे. हिस्के न वाचता सही करायची.

या एप्रिलमध्ये वीब्रेनच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून ती पहिल्यांदाच स्वतः अर्ज भरायला बसली. एक रकाना कळेना, तेव्हा तिने करखात्याला फोन लावला.

"दुरुस्तीला नऊ टक्के, बाई," पलीकडची मुलगी म्हणाली. "एकवीस टक्के नव्या सायकलींना."

हिस्केचं बिलाचं मशीन आठ वर्षांपूर्वी आलं. तेव्हापासून ते सरसकट एकवीस टक्के धरत होतं. फलकावरचे दर करासकट ठरलेले होते, म्हणजे जादा कर तिच्याच मिळकतीतून जात होता.

तिने जुन्या फायली काढल्या. दोन वर्षांपूर्वीच्या एका कागदाच्या कडेला पेन्सिलीने, वीब्रेनच्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं : 'दुरुस्तीला नऊ टक्के. हिस्केला सांगायचं.'

दोन वर्षं! त्यानंतरचे सगळे गुरुवार तिला एकदम आठवले.

"चूक मी समजू शकते," ती डौवेला म्हणाली. "पण वीब्रेनना माहीत होतं रे! तुझे दिवस कापले तेव्हा समोर बसून म्हणाले, 'दुसरा इलाज नाही, हिस्के.' पाच वर्षांपलीकडचा कर परत मिळत नाही. हे गप्प बसले म्हणून दोन वर्षांचे पैसे कायमचे बुडाले. गावभर सांगते आता!"

डौवे हात पुसत होता. "सांग की. पण शाळेतल्या बाईंच्या सायकलचा ब्रेक मी सैल सोडला होता, ते आठवतं?"

"तीन वर्षं झाली त्याला."

"मी आपण होऊन तुला सांगितलं. मग महिनाभर गिऱ्हाइकांसमोर तुझं आपलं, 'या, ब्रेकफेल आले!' वीब्रेन तिथेच कॉफी पीत बसलेले असायचे. त्यानंतर माझ्या हातून काय काय चुकलं, माहितेय?"

"काय?"

"बघ. तुला माहीतच नाही."

हिस्केने फाइल मिटली.

"म्हणजे त्यांचं बरोबर?" तिने विचारलं.

"बरोबर? माझे दोन दिवस गेलेत, मालकीणबाई! त्यांनी दगाच दिला. पण तो पिकला इथे, याच दुकानात."

संध्याकाळी हिस्के वीब्रेनकडे गेली. त्यांच्या एका डोळ्यावर पट्टी होती. तिने कागद पुढे ठेवला. त्यांना तो वाचावा लागला नाही.

"पुढच्या गुरुवारी सांगू, असं करत राहिलो," ते हळूच म्हणाले. "मग तू कुणाला तरी म्हणालीस, वीब्रेन कधी चुकत नाहीत. मग जीभच उचलेना."

"मी तुम्हाला घरातलं माणूस समजत होते."

"ठाऊक आहे."

"मी हसले असते, हेही खरं. पण तुम्ही डौवेच्या पोटावर पाय येऊ दिलात. करखात्याला चूक कशी झाली ते लेखी हवंय. तुमच्या हाताने लिहा, कधी कळलं त्यासकट."

वीब्रेननी एक डोळा कागदाजवळ नेऊन सगळं लिहिलं. सही केली. हिस्केने या वेळी प्रत्येक ओळ वाचली.

सप्टेंबरमध्ये पाच वर्षांचा जादा कर परत आला. डौवेचे पाच दिवस त्याला परत मिळाले. दुकानात आता टायरांशेजारी एक पाटी आहे. झालेली चूक त्याच दिवशी तिच्यावर लिहायची, आणि कुणी हसायचं नाही. पहिली ओळ हिस्केची : 'आठ वर्षं न वाचता सही केली.' तिच्याखाली डौवेच्या चार ओळी आहेत.

हिशेब आता हिस्के स्वतः बघते. गुरुवारी साखरेचा पाव अजून आणते. वीब्रेनना मात्र तिने अजून बोलावलेलं नाही.

मित्रहो, कळलेली चूक लपवणं हा दगाच, आणि त्याची किंमत बहुधा तिसराच माणूस मोजतो. पण चूक कबूल करणाऱ्याची जिथे टर उडवली जाते, तिथे आपणच दग्याला बसायला खुर्ची देतो. आपल्या घरात, आपल्या कचेरीत ती खुर्ची मांडलेली नाही ना, एवढं आजच पाहा!